गाठ नव्हतीच मुळी : देवगडच्या एका खांद्याची केस

काका आले ते गळ्यात कॉलर, म्हणजे मानेचा पट्टा, घालून, एप्रिलच्या उकाड्यात, घामानं कॉलर पिवळी पडलेली. वय ५२, उजव्या हाताचे, स्वतःची आंब्याची साठेक कलमं आणि वर दुसऱ्यांच्या दोन बागा करारानं घेतलेल्या. तक्रार मात्र मानेची नाहीच, खांद्याची. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला आत खोल ठणका, तिथनं दंडाच्या बाहेरून खाली अंगठ्याच्या बाजूपर्यंत ओढ, आणि रात्री झोप नाही. उजव्या कुशीवर झोपलं तर दुखतं ते समजू शकतं, पण डाव्या कुशीवर झोपलं तरी दुखतं म्हणाले, आणि खरं सांगते मला पहिली शंका तिथंच आली. बाकी एक वाक्य त्यांनी असं टाकलं की मी ते जसंच्या तसं पेपरवर लिहून घेतलं, "बाय, हात मागे जाना नाय, खिशातला पाकीट काढूक येना नाय."

(परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी फिजिओ, देवगड तालुक्यात छोटं क्लिनिक आहे, पेशंट म्हणजे निम्मे आंबेवाले आणि निम्मे मासेवाले.)

आता मागचा इतिहास. दुखणं सुरू होऊन तीन आठवडे. सुरुवातीला एका रात्री हात इतका ठणकला की घरच्यांना वाटलं हार्ट अ‍ॅटॅक. "माका वाटला इलोच अ‍ॅटॅक," हे काका हसत सांगतात पण त्या रात्री गाडी करून तालुक्याला पळाले होते. ईसीजी नॉर्मल आला, तरी खबरदारी म्हणून रक्त पातळ करायची एक गोळी चालू झाली, ती गोळी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच माझी नाचक्की झाली. मग कुणीतरी मानेचा एक्स-रे काढायला सांगितला, त्यात "मणक्यात गॅप" निघाला, कॉलर आली, इंजेक्शनं झाली, बी-१२ च्या गोळ्या झाल्या. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत काही ना काही झीज दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे हो, ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्यातसुद्धा भरपूर दिसतं. पण एकदा फिल्मवर गॅप दिसला की सगळं दुखणं त्या गॅपच्या नावावर टाकायची सवय आपल्याकडे घट्ट आहे, डॉक्टरांनाही आणि पेशंटलाही.

तपासणीत मी आधी मान बघितली. मान वळवताना थोडी आखडलेली, पण वरून दाब देऊन वाकवली तरी हातात कळ गेली नाही, रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे, बोटांना बधिरपणा नाही, मुठीची ताकद ठीक. म्हणजे नस दाबली गेल्याचं काही हाती लागलं नाही. मग खांदा. काकांना शुगर आहे, त्यामुळे फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडून जाम होण्याची, भीती खरी होती, मधुमेहात ते जास्त होतं. तिथे एक साधी गोष्ट कामाला येते : कोपर पोटाशी ठेवून मी स्वतः त्यांचा हात बाहेर फिरवायचा. फ्रोझन शोल्डर असेल तर पेशंटनं फिरवला काय आणि मी फिरवला काय, हात अडकतोच, दारामागे काहीतरी ठेवल्यासारखा. काकांचा हात माझ्या हातात ६० अंशांपर्यंत गेला, डावा ६५. म्हणजे सांधा मोकळा. हात वर करताना १३० च्या पुढे दुखत होतं. हात बाहेर फिरवून तिथंच धरा म्हटलं तर धरला, खाली पडला नाही, म्हणजे मोठा स्नायू फाटलेला नसावा, पण विरोध दिला की चेहरा वाकडा. आणि पाठीमागे हात न्यायला सांगितला तर डावा हात पाठीच्या मध्यावर पोचला आणि उजवा जेमतेम कुल्ल्यावर, खिशाच्या शिवणीवर थांबला.

छातीत दुखणं, चालताना धाप, वजन कमी होणं, ताप, विडी-सिगरेट असं सगळं विचारलं. विडी नाही, मिश्री आहे. हे विचारणं रटाळ वाटतं पण खांद्याचं दुखणं हृदयाचं, पित्ताशयाचं, फुप्फुसाच्या शेंड्याचं असू शकतं, आणि हातानं दाबून बरं करायच्या नादात ते सुटलं तर तो हात धुऊन टाकावा असा.

मग पालथं झोपवलं आणि खवाट्याच्या मागे, हाडाच्या आडव्या कण्याखाली बोटं फिरवली. तिथे इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू असतो, तळहाताएवढा चपटा, हात बाहेर फिरवतो आणि खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतो. एका जागी घट्ट दोरीसारखं लागलं, अंगठा ठेवून दाबलं तर काका ताडकन डोकं वर करून, "ह्याच ता! ह्याच दुखणा! पण तू दाबतंस मागे आणि दुखता फुडे कसा?"

हे पुढे दुखणं नवीन नाही. जेनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरीण बाईंनी (१९०१ ते १९९७, प्रेसिडेंट केनेडींच्या डॉक्टर होत्या, व्हाइट हाऊसमध्ये त्या पदावर गेलेली पहिली बाई) डेव्हिड सायमन्सबरोबर १९८३ मध्ये ट्रिगर पॉइंटची (स्नायूतली अशी घट्ट जागा, जी दाबली की दुखणं दुसरीकडे जाणवतं) जाडजूड मॅन्युअल काढली, त्यात कुठला स्नायू दाबला की कुठे दुखतं याचे नकाशे आहेत. इन्फ्रास्पायनेटसचा नकाशा म्हणजे खांद्याची पुढची बाजू, दंड, अंगठ्याकडचा हात. पाकीट काढता येत नाही आणि कुठल्याच कुशीवर झोप नाही, हेही त्याच स्नायूचं म्हणून त्यात आहे. दुखऱ्या कुशीवर झोपलं तर तो दबतो, चांगल्या कुशीवर झोपलं तर हात पुढे लोंबकळून तो ताणला जातो. म्हणजे काकांनी निदान स्वतःच सांगितलं होतं, मी फक्त ऐकलं.

पहिल्या दिवशी मी असं केलं. तेल घेतलं नाही. इथे प्रत्येक पेशंट विचारतोच, काकांनीही विचारलं, "तेल नाय लावूचा?" कारण आपल्याकडे हात लावणं म्हणजे मालिश आणि मालिश म्हणजे खोबरेल. पण मायोफॅशियल रिलीजमध्ये, म्हणजे स्नायू आणि त्याच्यावरचं आवरण हातानं सैल करायच्या पद्धतीत, हात घसरला तर काम होत नाही, कातडी आणि खालचा पदर हाताला धरून राहायला लागतो, हलका ताण देऊन थांबायचं, जिथे अडतं तिथे रेटायचं नाही, दोन-तीन मिनिटं वाट बघायची आणि सुटेल तसं पुढे जायचं. आधी खवाट्यावरून खालच्या बाजूला असं सावकाश, मग त्या दुखऱ्या जागेवर अंगठ्यानं सलग दाब. दाब किती, तर दहापैकी पाच-सहा दुखेल एवढाच, श्वास रोखला जाईल इतका कधीच नाही. ६० ते ९० सेकंदांत ते सहाचं तीन झालं की अंगठा थोडा सरकवायचा. मग आजूबाजूचे स्नायू, शेजारचा टेरिस मायनर, छातीच्या पुढे पेक्टोरॅलिस मायनर, आणि काखेतून थोडंसं सबस्कॅप्युलॅरिस, तिथे नसा आणि रक्तवाहिन्या जातात म्हणून फार हळू, शिवाय काकांना गुदगुल्या भयंकर.

वीस मिनिटांनी उठले तर हात पाठीमागे कमरेच्या वर पोचला. दुखणं सातचं तीन. काकांनी खिशातनं पाकीट काढलं, परत ठेवलं, परत काढलं. आणि मी, मोठ्या तोऱ्यात, म्हणाले, "गाठ सुटली तुमची." कॉलर तिथंच क्लिनिकमध्ये ठेवून गेले.

चौथ्या दिवशी परत, दुखणं आठ.

झालं काय होतं, तर गाठ सुटली म्हटल्यावर माणूस काय करणार, दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन बागेत. तीन दिवस सलग. मी विचारलं का गेलात, तर, "सीझन काय माझ्यासाठी थांबता?" आणि खरंच आहे, इथे वर्षाचा पैसा दोन-अडीच महिन्यांत येतो, झाडावर फळ तयार झालं की चार दिवस थांबलं तरी गळतं नाहीतर जास्त पिकून डागी होतं, तिथे "महिनाभर विश्रांती घ्या" हा सल्ला लिहिणाऱ्याला लिहायला सोपा. पण पुढचं जे झालं ते मात्र पूर्ण माझं. मला वाटलं गाठ परत बसली, म्हणजे जोर कमी पडला. मी कोपर लावलं. काका दात आवळून पडून राहिले, कोकणातला पुरुष दुखतंय म्हणत नाही, आणि मीही विचारलं नाही. दोन दिवसांनी काकूंचा फोन, "गे बाय, पाठ काळीनिळी कित्याक झाली ह्यांची?"

ती रक्त पातळ करायची गोळी. पहिल्या दिवशी औषधं विचारली होती, काकांनी शुगरची गोळी सांगितली, ही सांगितली नाही, आणि ईसीजीची सगळी गोष्ट ऐकूनसुद्धा माझ्या डोक्यात ती आली नाही. आता मी गोळ्यांची पिशवीच घेऊन या सांगते, तोंडी यादीवर विश्वास नाही. काळं-निळं आठवड्यात गेलं, पण तेव्हा मला दोन रात्री झोप नव्हती. दाबल्यावर एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं होणं हे चालतं, आधी सांगून ठेवायचं असतं. काळं-निळं पडणं म्हणजे उपचार लागू पडला असं जे काही जण छाती फुगवून सांगतात ते निव्वळ थोतांड. गोळी बंद करा असं मी अर्थात म्हटलं नाही, तो माझा विषयच नाही, ज्यांनी सुरू केली त्यांना भेटा आणि किती दिवस घ्यायची विचारा एवढं सांगितलं.

त्या दोन रात्रींत मी जरा परत वाचायला बसले, कारण मुळात "गाठ" म्हणजे काय हेच मी किती बेफिकीरपणे बोलते हे लक्षात आलं. आपण कॉलेजात शिकतो की फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचं आवरण, चिकटतं, हातानं ते सुटतं. पण २००८ मध्ये गणिती मॉडेल करून बघितलेलं आहे की मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया एक टक्का दाबायला किंवा सरकवायला जेवढा जोर लागेल तो माणसाच्या हातात येणंच शक्य नाही. मग वीस मिनिटांत माझ्या हातानं काय "सुटलं"? स्नायूतल्या त्या घट्ट जागेबद्दलही भांडणं आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत बारीक सुईनं अशा जागेतलं द्रव काढून तपासलं तेव्हा दुखवणारी रसायनं जास्त आणि आम्लपणा जास्त सापडला, हे एका बाजूला, आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलियातले क्विंटनर आणि कोहेन १९९४ पासून म्हणतायत की ही ट्रिगर पॉइंटची थिअरीच पोकळ आहे, दुखणं नसेतनं येतं आणि तुम्ही स्नायूला धरून बसता. शिवाय दोन थेरपिस्टना एकाच पाठीवर बसवलं तर दोघांची बोटं एकाच जागी थांबतीलच असं नाही, हे तर आम्ही आपापसात कबूल करतोच.

माझं मत सांगायचं तर सावकाश, न घाबरवणारा दाब मेंदूला सांगतो की इथे धोका नाही, मग स्नायूची आवळलेली मूठ सैल होते, दुखणं खाली येतं, काही तास किंवा दोन दिवस. ही खरी गोष्ट आहे, खोटी नाही, काकांनी पाकीट काढलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण ती सवड आहे. सवडीत काय करायचं हे मी सांगितलंच नव्हतं, उलट गाठ सुटली म्हणून त्यांना सरळ कलमाखाली पाठवलं, आणि परत आले तेव्हा वाटलं गाठच हट्टी आहे. शब्द चुकला आणि त्यामागोमाग उपचार चुकला.

तिसऱ्या वेळी मी क्लिनिकमध्ये बोलावलंच नाही, मीच सकाळी त्यांच्या बागेत गेले. (चहा, मग पेज, मग परत चहा.) आणि जे बारा प्रश्न विचारून कळलं नसतं ते दहा मिनिटांत कळलं. बांबूचा झेला, काही जण त्याला घळ म्हणतात, काठी पंधरा फुटांच्या आसपास, टोकाला जाळी आणि पातं. उजवा हात वर, खांद्याच्या वर, डावा खाली आधाराला, मान मागे, नजर वर. फळ जाळीत घ्यायचं, देठ पात्यात धरायचा आणि खेचायचं. हापूस देठासकट काढायला लागतो, देठ तुटला तर चीक फळावर येतो, डाग पडतो, डागी फळाला भाव नाही. आता काकांच्या झेल्याचं पातं बोथट. त्यामुळे प्रत्येक फळाला ते दोनदा-तीनदा हिसका देत होते आणि देठ तुटला की ती पंधरा फुटी काठी एकदम सुटायची, आणि ती सुटलेली काठी कोण आवरणार, तर खांद्याच्या मागचा तोच चपटा तळहाताएवढा स्नायू. मी दहा मिनिटं मोजलं, ३१ हिसके. सकाळी सहा ते अकरा काम. गुणाकार तुम्हीच करा, मी तिथे झाडाखाली केला आणि गप्प बसले.

पातं बदललं त्याच दिवशी, गावातच मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला म्हणून जो आहे तो त्यांच्या पुतण्याकडे पडून होता, तो काढला. खालच्या फांद्यांना छोटी काठी, वरच्या शेंड्यांना पुतण्या. दर पेटीला हात बदलायचा, डाव्यानं जमत नाही म्हणाले, वेग निम्मा झाला, पण आठवड्यात बऱ्यापैकी जमलं. आणि ऊन चढल्यावरची प्रतवारी, पेट्या भरणं, गवत लावणं ही बसून करायची कामं काकांनी स्वतःकडे घेतली. मोठेपणा गेल्यासारखं वाटत होतं त्यांना, मालक बसून आणि पुतण्या झाडाखाली, पण काकूंनी एकदा डोळे वटारले तेव्हा मिटलं.

हातानं काम मी चालू ठेवलं, थांबवलं नाही, फक्त कोपर कायमचं गेलं. आठवड्याला एकदा, पंधरा मिनिटं, हलका दाब, आणि लगेच त्याच सवडीत व्यायाम. पहिल्या आठवड्यात दाराच्या चौकटीला हाताची मागची बाजू लावून नुसतं दाबून धरायचं, हात हलवायचा नाही, ३० सेकंद, पाच वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून सायकलची जुनी ट्यूब, पडवीच्या खांबाला बांधलेली, कोपर पोटाशी आणि मध्ये घडी घातलेला टॉवेल, हात बाहेर ओढायचा आणि परत आणताना सावकाश, चार आकडे मोजत. दहा-दहाचे तीन, एक दिवसाआड. थेराबँड, म्हणजे व्यायामाच्या रबरी पट्ट्या, माझ्याकडे आहेत पण ट्यूब घरात असते आणि घरात असलेली वस्तू वापरली जाते. घरी स्वतः दाबायला नातवाचा अंडरआर्म क्रिकेटचा बॉल मोज्यात घालून, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून, दिवसातून एकदा दोन मिनिटं, जास्त नाही. आणि झोपताना डाव्या कुशीवर, पुढे एक जाड उशी आणि तिच्यावर उजवा हात. या उशीनं पहिल्याच रात्री जेवढा फरक पडला तेवढा माझ्या हातानं पडला नसेल, हे काकूंचं मत आहे आणि मी वाद घालत नाही.

एकूण सहा वेळा भेटलो, पाच आठवडे. शेवटी दुखणं एक-दोनवर, तेही संध्याकाळी. हात पाठीमागे डाव्याच्या चार बोटं खाली, म्हणजे पूर्ण सारखा नाहीच झाला. हात डोक्यावर पूर्ण. झोप लागायला लागली ती तिसऱ्या आठवड्यात. शुगर मात्र जैसे थे, ती तपासून घ्या म्हणून मागे लागले कारण त्या खांद्याला फ्रोझन होण्याची शक्यता काही संपलेली नाही.

प्रामाणिकपणे बोलायचं तर यात कशानं बरं वाटलं हे मला वेगळं काढता येत नाही. पातं, उशी, ट्यूब, माझे अंगठे, आणि शिवाय मे संपत आला तसा सीझनच उतरला, काहीच केलं नसतं तरी काही प्रमाणात दुखणं उतरलंच असतं. एका माणसावरून हे ठरत नाही. पण पहिल्या दिवशी फक्त अंगठे होते आणि चार दिवसांत सगळं परत आलं, आणि नंतर अंगठ्यांबरोबर बाकीचं होतं तेव्हा भर सीझनमध्ये काम चालू असताना उतरत गेलं, एवढं मी माझ्या पेपरवर बघू शकते.

जुलैत लावणीच्या वेळी एकदा फोन आला, वाकून वाकून परत ओढ लागतेय. मी म्हटलं या, तर म्हणाले नको, ट्यूब बांधलीय, बघतंय चार दिवस. आले नाहीत. पुढच्या सीझनला मार्चमध्ये पाच डझनाची पेटी घेऊन दारात हजर, नवीन पातं लावलेला झेला गाडीला बांधलेला, आणि बरोबर शेजारच्या वाडीतला एक माणूस, मान वाकडी करून. काकांनी त्याला पुढे ढकललं आणि माझी ओळख करून दिली.

"हीच ती बाय. गाठ सोडवता."